वाचकांचे प्रश्न : अँटीव्हायरस आणि व्हीपीएन यांच्यातला तंटा

आंब्याचा हंगाम सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी प्रिंटर आणि मोबाइल यांविषयी विचारणारे किनारपट्टीवरचे वाचक या दिवसांत वाशीच्या, पुण्याच्या किंवा मुंबईच्या संगणकापर्यंत घरबसल्या कसे पोहोचावे, हे विचारू लागतात. अशी पोच बहुतेक ठिकाणी व्हीपीएनने, म्हणजे सार्वजनिक इंटरनेटमधूनच पण कुलूपबंद नळीतून नेलेल्या खासगी वाटेने, मिळवलेली असते. या वेळी निवडलेल्या चारही पत्रांत ती वाट अडलेली आहे आणि संशय संगणकाच्या रक्षणासाठी बसवलेल्या सॉफ्टवेअरवर आहे. तीन पत्रांत तो संशय रास्त आहे.

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची बाग असून वाशीच्या बाजारात गाळा आहे. गाळ्यावर धाकटे बंधू बसतात आणि तिथल्या संगणकावर पेट्यांची आवक व पट्ट्यांचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांचा, हिशेब ठेवतात. तो हिशेब मी घरून, विंडोजमध्ये मुळातच असलेल्या व्हीपीएनने, एल२टीपी पद्धतीने पाहतो. फेब्रुवारीत नवा अँटीव्हायरस घेतल्यापासून ‘८०९’ हा क्रमांक दिसतो आणि जोडणी होत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही तेच होते. अँटीव्हायरस पूर्ण काढून टाकला की मात्र जोडणी होते. संगणक दुरुस्त करणारे गृहस्थ म्हणतात की हंगामभर अँटीव्हायरसशिवायच चालवा. तसे करावे का? — एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : करू नये. ज्या तीन महिन्यांत आपल्या संगणकावरून सर्वाधिक पैशांचे व्यवहार होतात आणि अनोळखी पत्त्यांवरून ‘पट्टी’, ‘बिल’ अशा नावांच्या फाइली येत राहतात, नेमक्या त्याच महिन्यांत रखवालदाराला रजा देण्यासारखे ते होईल. शिवाय आपल्या पत्रातच रोगनिदान निम्म्याहून अधिक झालेले आहे, त्यामुळे एवढ्या टोकाला जाण्याचे कारण उरत नाही.

८०९ या क्रमांकाचा अर्थ एवढाच की आपल्या संगणकाने पलीकडे हाक मारली आणि उत्तर आले नाही. नाव किंवा पासवर्ड चुकला असता तर ६९१ दिसला असता. दोन्हीकडची गुप्त किल्ली जुळत नसती तर बहुधा ७८९ दिसला असता. हाक वाटेत कोठे हरवली हे ८०९ सांगत नाही. आपण हॉटस्पॉटवरून करून पाहिले, हे फार चांगले केलेत, कारण त्यामुळे घरचा राउटर आणि घरची इंटरनेट लाइन या दोघांवरचा संशय दूर झाला. अँटीव्हायरस काढल्यावर जोडणी होते, यावरून वाशीची बाजूही निर्दोष ठरते. ८०९ आला की विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे अंतर्गत सेटिंगच्या कोठारात, एक नोंद वाढवा, असा सल्ला इंटरनेटवर जागोजागी सापडतो. सर्व्हर, म्हणजे हाक स्वीकारणारा पलीकडचा संगणक, एखाद्या राउटरच्या आड असेल तेव्हा तो सल्ला उपयोगी पडतो, हे खरे. पण अँटीव्हायरसविना आपली जोडणी होत असल्यामुळे आपल्याला त्याची गरज नाही. देवगडच्या राउटरवर पोर्ट, म्हणजे रहदारीचे क्रमांक दिलेले दार, उघडून घेण्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तेही देऊ नयेत. आपण येथून बाहेर जाणारी हाक मारता, आणि पोर्ट उघडावे लागते ते हाक स्वीकारणाऱ्याकडे, म्हणजे वाशीला, जिथे ते आधीच उघडलेले आहे.

आता मूळ मुद्दा. आजचा अँटीव्हायरस हे एकच यंत्र नसते. फाइली तपासणारा भाग, वेबपाने तपासणारा भाग आणि नेटवर्कवरची ये-जा अडवणारा फायरवॉल अशी निदान तीन माणसे एका गणवेशात उभी असतात, आणि आपल्याला अडवतो आहे तो बहुधा फायरवॉल. एल२टीपी पद्धतीत आधी यूडीपी या मजकूर पाठवण्याच्या पद्धतीच्या ५०० क्रमांकाच्या पोर्टवरून किल्ल्यांची देवाणघेवाण होते आणि वाटेत राउटर असला की, जो हल्ली असतोच, पुढचा सगळा मजकूर यूडीपी ४५०० वरून जातो. नव्या फायरवॉलला ही दोन पोर्टे ओळखीची नसतील, किंवा त्याने आपल्या घरच्या नेटवर्कला ‘सार्वजनिक’ असा शिक्का मारला असेल, तर पहिलीच हाक उंबरठ्याच्या आत अडते.

खात्री अशी करावी. इतर सर्व कार्यक्रम बंद करून अँटीव्हायरसमधला फक्त फायरवॉल दहा मिनिटांसाठी थांबवावा आणि व्हीपीएन जोडून पाहावे. जोडले गेले तर फायरवॉल लगेच पुन्हा सुरू करावा, जोडणीचा एक अयशस्वी प्रयत्न मुद्दाम करावा आणि मग फायरवॉलची नोंदवही उघडावी, जिला बहुतेक ठिकाणी ‘लॉग’ किंवा ‘रिपोर्ट’ म्हटलेले असते. त्या मिनिटाला झालेल्या नोंदींत एक ओळ अशी सापडेल : वेळ, मग ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव, मग वाशीच्या जोडणीचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकड्यांतला पत्ता), त्यापुढे ५०० हा आकडा आणि शेवटी ‘ब्लॉक्ड’. ही ओळ सापडली की अर्धा दिवस वाचला. ती न पाहता माणसे राउटर बदलतात, तारा बदलतात, लाइनवाल्याला बोलावतात; साप सोडून भुई धोपटण्याचा हा प्रकार मी स्वतःही एकदा पुरी दुपारभर केलेला आहे.

‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव पाहून दचकू नये. विंडोजमधल्या अंगभूत व्हीपीएनला स्वतःचा वेगळा प्रोग्राम नसतो. विंडोजची एक सेवा ते काम पडद्याआडून करते आणि ती याच नावाखाली दिसते. म्हणूनच ‘व्हीपीएन प्रोग्रामला परवानगी द्या’ हा नेहमीचा उपाय येथे लागू पडत नाही, कारण परवानगी द्यायला प्रोग्रामच नसतो. नियम पोर्टाचा करावा लागतो. फायरवॉलच्या नियमांत नवा नियम जोडून दिशा ‘बाहेर जाणारी’, प्रकार यूडीपी, पलीकडची पोर्टे ५०० आणि ४५००, आणि पलीकडचा पत्ता फक्त वाशीचा, असे भरावे. वाशीच्या लाइनला कायमचा आयपी पत्ता असेल तरच शेवटची अट घालता येईल. तो बदलता असेल तर ती जागा मोकळी सोडावी लागेल, आणि तशा स्थितीतही हा नियम अँटीव्हायरस काढून टाकण्यापेक्षा कितीतरी बरा.

एका चुकीविषयी सावध करतो, कारण ती फार सर्रास होते. अपवादांची यादी अँटीव्हायरसमध्ये एकच नसते. ‘या फोल्डरची तपासणी करू नका’ असे सांगणारी यादी फाइली तपासणाऱ्याची असते, आणि तिच्यात काहीही लिहिले तरी फायरवॉलला त्याचा पत्ता नसतो. व्हीपीएनचे फोल्डर त्या यादीत टाकून ‘अपवाद केला तरी चालत नाही’ असे लिहिणारे वाचक मला दर हंगामात भेटतात. त्यांनी अडचण सोडवलेली नसते, उलट एक फोल्डर मात्र तपासणीविना उघडे टाकलेले असते.

नियम करूनही काम झाले नाही तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ या यादीत जाऊन ‘आयकेई’ आणि ‘आयपीसेक’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या दोन सेवा चालू आहेत का, ते पाहावे. काही सुरक्षा सॉफ्टवेअर आणि विशेषतः संगणकाचा वेग वाढवण्याचे आश्वासन देणारी जोड-सॉफ्टवेअर त्यांना अनावश्यक समजून बंद करतात.

पुढे कधी यातले काहीच बदललेले नसताना जोडणी एका सकाळी अचानक बंद पडली तर मात्र अँटीव्हायरसला लगेच दोष देऊ नये. जानेवारी २०२२ मधल्या विंडोजच्या मासिक अपडेटनंतर नेमकी हीच एल२टीपी जोडणी जगभर बंद पडली होती आणि सहा दिवसांनी, १७ जानेवारीला, मायक्रोसॉफ्टला वेगळी दुरुस्ती काढावी लागली. एप्रिल २०२४ च्या अपडेटनेही काही जणांच्या व्हीपीएन जोडण्या बिघडवल्या आणि मे महिन्याच्या अपडेटने त्या सुधारल्या. ‘काल रात्री अपडेट झाले का?’ हा प्रश्न अशा वेळी पहिला विचारावा.

प्रश्न : मी पुण्याच्या एका कंपनीत नोकरी करते आणि मे महिन्यात गुहागरला माहेरी येऊन घरून काम करते. स्वतःच्या लॅपटॉपवर कंपनीचे व्हीपीएन ॲप आहे. पुण्यात ते चालत होते. येथे आल्यावर वडिलांच्या सांगण्यावरून त्यांच्या अँटीव्हायरसचे उरलेले लायसन्स माझ्या लॅपटॉपवर टाकले. आता ॲप ‘सर्व्हरचे प्रमाणपत्र पडताळता आले नाही’ असे सांगून थांबते. भावाच्या लॅपटॉपवर, त्याच वायफायवर, त्याच्या कंपनीचे ॲप नीट चालते. — एक वाचक, गुहागर

उत्तर : आपला संदेश देवगडच्या ८०९ पेक्षा पुष्कळ बोलका आहे. येथे हाक पोहोचते आणि उत्तरही येते, पण उत्तर देणारा खरोखर आपल्या कंपनीचा सर्व्हर आहे, याची ॲपला खात्री पटत नाही. ॲपचे बरोबर आहे, कारण मध्ये दुसरे कोणीतरी बसलेले आहे.

कुलूपबंद मजकुरातून विषाणू येऊ नयेत म्हणून अनेक अँटीव्हायरस तो मजकूर संगणकावरच उघडून तपासतात. त्यासाठी ते स्वतःचे एक मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासार्ह यादीत बसवतात आणि प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राच्या जागी स्वतः सही केलेले प्रमाणपत्र पुढे करतात. ब्राउझर ते मुकाट्याने मान्य करतो, म्हणून आपल्याला एरवी काही जाणवत नाही. व्हीपीएनचे ॲप मात्र ठरावीक प्रमाणपत्राचीच वाट पाहत असते आणि दुसऱ्याची सही दिसली की दार लावून घेते. हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर ब्राउझरमध्ये कोणतेही परिचित संकेतस्थळ उघडून पत्त्याच्या शेजारच्या चिन्हावर क्लिक करावे आणि प्रमाणपत्राच्या तपशिलात ‘कोणी दिले’ ही ओळ वाचावी. तेथे प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेऐवजी आपल्या अँटीव्हायरसचेच नाव दिसले तर मधला माणूस सापडला.

उपाय वेबपाने तपासणाऱ्या भागात आहे, फायरवॉलमध्ये नाही. एचटीटीपीएस किंवा एसएसएल, म्हणजे याच कुलूपबंद मजकुराच्या, तपासणीच्या सेटिंगमध्ये अपवादांची यादी असते. तिच्यात कंपनीच्या व्हीपीएन सर्व्हरचा पत्ता आणि, सोय असल्यास, ॲपच्या मुख्य फाइलचे नाव घालावे, आणि लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करावा. ही तपासणी सरसकट बंद करावी असे म्हणणारे जाणकार आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला अगदीच अमान्य नाही, कारण कुलूपबंद मजकूर वाटेत उघडणे ही गोष्टच मुळात नाजूक आहे. तरी एका व्हीपीएनसाठी घरातल्या संगणकाची सगळी व्यवस्था बदलण्याआधी अपवाद करून पाहणे बरे.

त्याहीआधी दोन गोष्टी. पहिली, लॅपटॉपचे घड्याळ पाहावे. प्रमाणपत्राला मुदत असते, आणि तारीख मागे गेलेली असली तर खरे प्रमाणपत्रही खोटे ठरते. आपल्याकडे पावसाळाभर झाकून ठेवलेल्या जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो, आणि असा संगणक सुरू केला की तो काही वर्षे मागच्या तारखेत जागा होतो. मग त्यावर व्हीपीएनच काय, बँकेचे पानही उघडत नाही. दुसरी, लॅपटॉप आपला असला तरी व्हीपीएन कंपनीचे आहे. काही कंपन्यांचे व्हीपीएन जोडण्यापूर्वी संगणकावर कोणते अँटीव्हायरस आहे, हे तपासते आणि यादीबाहेरचे असेल तर प्रवेश नाकारते. वडिलांचे लायसन्स वाया जाऊ नये ही भावना समजू शकते, पण कंपनीच्या आयटी विभागाला एक मेल लिहून कोणते सॉफ्टवेअर चालते हे विचारावे, आणि उत्तर नकारार्थी आले तर ते लायसन्स दुसऱ्या संगणकाला द्यावे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या शाखेत दोन संगणक आहेत. मुख्य शाखेशी जोडणारे व्हीपीएन एकावर चालते, दुसऱ्यावर चालत नाही. दुसऱ्यावर पूर्वी एक अँटीव्हायरस होता, तो काढून नवा बसवला. नवा बंद केला तरी फरक पडत नाही. त्यामुळे दोष अँटीव्हायरसचा नाही असे समजावे का? — एक लिपिक, राजापूर तालुका

उत्तर : नव्याचा नसेल, जुन्याचा असण्याची शक्यता मोठी आहे. अँटीव्हायरस नेहमीच्या ‘अनइन्स्टॉल’ने काढला की त्याचे चित्र आणि खिडक्या जातात, पण नेटवर्कच्या वाटेवर खोलवर बसवलेले त्याचे ड्रायव्हर, म्हणजे पडद्याआड चालणारे छोटे प्रोग्राम, अनेकदा मागे राहतात. नेटवर्क ॲडाप्टरचे, म्हणजे संगणकाला नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाचे, ‘प्रॉपर्टीज’ उघडले की टिकमार्क केलेल्या गोष्टींची एक यादी दिसते. काढून टाकलेल्या कंपनीच्या नावाचा ‘फिल्टर’ तिच्यात अजून असेल तर तो रहिवासी घर सोडून गेला, पण कडी आतून लावून गेला.

विंडोज व्हिस्टापासून सुरक्षा सॉफ्टवेअरना नेटवर्कवर पहारा ठेवण्यासाठी विंडोजनेच एक सामायिक व्यवस्था दिलेली आहे. तिच्यात अनेकांचे नियम एकाच वेळी नांदू शकतात. मात्र एकाने परवानगी दिली आणि दुसऱ्याने नाकारली तर सर्वसाधारणपणे नकारच टिकतो. जुन्याचा एखादा उरलेला नकार नव्याच्या सेटिंगमध्ये दिसत नाही, आणि नवा बंद केल्यानेही जात नाही. काही व्हीपीएन सॉफ्टवेअरमध्ये जोडणी तुटताच सगळे इंटरनेट रोखण्याची सोय असते. ते सॉफ्टवेअर मध्येच कोसळले, आणि वीज गेल्यावर ते हमखास कोसळते, तर त्याचा नकारही असाच मागे उरू शकतो.

यावर उपाय म्हणून बहुतेक अँटीव्हायरस कंपन्या अवशेष काढणारे वेगळे साधन आपल्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य देतात. ते तेथूनच घ्यावे, इतरत्र मिळणाऱ्या त्याच नावाच्या फाइलीला हात लावू नये. क्रम महत्त्वाचा आहे : आधी व्हीपीएन काढावे, मग नवा अँटीव्हायरस, मग जुन्याचे अवशेष त्याच्या साधनाने, मग रीस्टार्ट, त्यानंतर अँटीव्हायरस पुन्हा बसवून अद्ययावत करावा आणि व्हीपीएन सर्वांत शेवटी बसवावे, म्हणजे व्हीपीएनचे नवे ॲडाप्टर तयार होताना अँटीव्हायरस त्याची ओळख विचारील आणि तेव्हाच ‘विश्वासार्ह’ असे उत्तर देता येईल. मधल्या काळात विंडोजचे स्वतःचे संरक्षण आपोआप जागे होते, तरीही तेवढा वेळ कोणतीही मेल किंवा पेन ड्राइव्ह उघडू नये.

विंडोजमधले ‘नेटवर्क रीसेट’ हे बटण अगदी शेवटचे. त्याने सर्व नेटवर्क ॲडाप्टर नव्याने बसतात, वायफायचे पासवर्ड जातात, आणि हाताने भरलेला आयपी पत्ता असेल तर तोही जातो. चालू असलेल्या पहिल्या संगणकावरून सगळी सेटिंग कागदावर उतरवून घेतल्याशिवाय ते दाबू नये. आपण ठेवीदारांचा हिशेब सांभाळता, तेव्हा यांतले काहीही करण्यापूर्वी मुख्य शाखेला कळवून लेखी होकार घ्यावा.

प्रश्न : तारकर्लीजवळ आमचे होमस्टे आहे. मोबाइलवर सुरक्षा ॲप आहे. मुलाने त्याच्या महाविद्यालयाचे व्हीपीएन माझ्याच फोनवर घातले. एक सुरू केले की दुसरे बंद पडते. शिवाय मी स्वतः एक फुकटचे व्हीपीएन घेतले, तेव्हा सुरक्षा ॲपने ‘धोकादायक’ अशी सूचना दिली. तिच्याकडे दुर्लक्ष करावे का? — एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : पहिल्या अडचणीत बिघाड कोणाचाच नाही. अँड्रॉइड एका वेळी एकच व्हीपीएन चालू देते. बऱ्याच सुरक्षा ॲपचे ‘वेब संरक्षण’ फोनमधली रहदारी पाहता यावी म्हणून स्वतःच व्हीपीएनची ती एकमेव जागा अडवून बसते, जरी त्याची नळी फोनच्या बाहेर कोठेच जात नसली तरी. वरच्या पट्टीत किल्लीचे चिन्ह दिसते ते त्याचेच. मुलाला महाविद्यालयाचे काम असेल तेवढा वेळ सुरक्षा ॲपमधले फक्त वेब संरक्षण बंद करावे, फाइली तपासणारा भाग चालू ठेवावा, आणि काम झाल्यावर महाविद्यालयाचे व्हीपीएन तोडून संरक्षण पुन्हा सुरू करावे. काही ॲप ते आपण होऊन सुरू करत नाहीत, म्हणून किल्लीचे चिन्ह परत आले का, ते डोळ्यांनी पाहावे.

दुसऱ्या बाबतीत दुर्लक्ष करू नये. पाहुण्यांचे आधार कार्डाचे फोटो आणि आगाऊ रकमांचे व्यवहार ज्या फोनवर आहेत, त्याची सगळी रहदारी अनोळखी माणसाच्या सर्व्हरमधून नेण्याचे आपल्या व्यवसायात काही कारण मला दिसत नाही. ते ॲप काढून टाकावे, आणि काढल्यानंतर फोनच्या सेटिंगमध्ये व्हीपीएनच्या यादीत त्याचे नाव अजून उरले आहे का, ते तपासून तेथूनही काढावे.